पंपावरचा आकडा

छातीच्या दवाखान्यात तिला सगळे पंपवाली ताई म्हणत. तिचं काम एकच, दम्याच्या माणसांना औषधाचा पंप ओढायला शिकवायचं. हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा, दाबता दाबता हळू ओढा, मग दहा मोजेपर्यंत धरून ठेवा. नाहीतर औषध जिभेवर बसतं आणि छाती कोरडीच राहते. हे ती दिवसातून तीसेक जणांना सांगे, वर प्रत्येकाकडून चारदा करून घेई. पाच वाजेपर्यंत पंपवाल्या ताईचाच जीव मेटाकुटीला येई.

घरी आईलाही दमा. सहा महिन्यांपूर्वी पंप सुरू झाला, तेव्हा तिने चपला काढता काढता आईला एकदा दाखवलं होतं. तेव्हापासून घरी आली की ती पंपाच्या पाठीवरचा आकडा तेवढा बघे. किती फवारे उरले ते त्यावर कळतं. सकाळी ती गेल्यावर दोनदा, संध्याकाळी ती यायच्या आधी दोनदा. रोज बरोबर चारने उतरलेला.

तरी दम वाढतच चालला. आईला आता बाथरूमपर्यंत जातानाही मध्ये टेकावं लागे.

"उद्यापासून आईंना स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू," दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "हाडं ठिसूळ होतील, साखर वाढेल, पण इलाज नाही. पंप नेमाने घेतात ना?"

"आकडा मी स्वतः बघते," ती जरा फणकाऱ्यानेच म्हणाली.

आईचे जुने रिपोर्ट शोधायचे म्हणून त्या दिवशी ती चारलाच घरी आली. आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. हात बाहेर काढून पंप हवेत दाबत होती. फुस्स. जरा धापा टाकल्या, पुन्हा फुस्स. मग चष्मा वर करून आकडा बघितला आणि पंप जागेवर ठेवला.

"आई, हवेला दमा झालाय का?"

आई दचकली. मग स्टुलावर बसली. "मला नाही गं जमत. दाबायला गेले की ओढायचं राहतं. सगळं तोंडातच राहतं."

"अगं, ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी प्लास्टिकचं नळकांडं असतं पंपाला लावायला. माझ्या कपाटात दहा पडलीत. सांगायचं तरी."

"कधी सांगू? तू येतेस ती अर्धमेली होऊन. आकडा बरोबर दिसला की तुझा चेहरा जरा निवळतो. म्हटलं, तेवढं तरी बरोबर असू दे."

तिला आधी आईचा राग आला, मग इतकी लाज वाटली की आईकडे बघवेना. तिने डॉक्टरांना फोन लावला.

"सर, आईच्या गोळ्या थांबवा. तिचा पंप अजून सुरूच झालेला नाही."

"म्हणजे? त्यांना शिकवलं कोणी होतं?"

"कोणीच नाही," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून आईच्या समोर बसली.