उरलेलं पाणी

प्रगतीने कुंडी वर्तमानपत्रावर आडवी केली आणि बुडावर दोन चापट्या मारल्या. मातीचा गोळा सुटला, तसा कुजकट वास खोलीभर पसरला.

सूर्यकांत खुर्चीतून अर्धवट उठले. हे स्नेक प्लांट त्यांच्या बायकोने, अहिल्याने, लावलेलं. ती गेल्यावरही मसोलीच्या या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी ते ताठ उभं होतं. मुलाचं, गौरवचं लग्न झालं, प्रगती सून म्हणून घरात आली आणि पानं बुडाशी पिवळी, मऊ पडू लागली.

प्रगती उधवा गावची. तिच्या माहेरी उन्हाळ्यात विहीर तळ गाठते, हंडे डोक्यावरून आणावे लागतात. पाणी मोरीत ओतायला तिचा हात धजत नसे. पेल्यांतलं उरलेलं, तांदळाचं धुवण, हंड्यातलं शिळं, सगळं या कुंडीत जाई. सूर्यकांत रोज बघत. जास्त पाण्याने याची मुळं कुजतात, हे त्यांनी झाडांवरच्या पुस्तकात वाचलेलं होतं. ती कामाला गेली की ते कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी गुपचूप ओतून टाकत आणि बोलणं उद्यावर ढकलत.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोललात का नाही? आईंचं झाड मारलं ना मी."

"या घरातल्या कशाला तरी तू आपणहून हात लावत होतीस," ते चष्मा पुसत म्हणाले. "त्यात मोडता घालावासा वाटेना."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मग सुरी घेऊन आली आणि काय कापायचं ते विचारलं. काळी, लिबलिबीत मुळं सगळी. टणक कंद तेवढा ठेवायचा, त्यांनी सांगितलं. ते स्वतः इथे प्रत्येक मुळाशी अडले असते. तिची सुरी कुठे अडत नव्हती, आणि चांगल्या भागाला ओरखडाही नव्हता. ते बघतच राहिले. शेवटी मूठभर कंद आणि दोन पानं उरली.

आता हे सावलीत सुकू द्यायचं, मग वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत लावायचं, बोट खुपसून आत ओल लागली तर पाणी घालायचंच नाही, असं ते एका दमात सांगून गेले.

"बोलता येतं की तुम्हाला," ती म्हणाली. "मला वाटलं, नुसतं वाचताच येतं."

दुपारी त्यांचं ताट वाढून ती नेहमीसारखी ओट्याकडे वळली; ती मागाहून एकटीच जेवायची. त्यांनी दोन घास खाल्ले, घसा खाकरला.

"आमटीत मीठ जास्त झालंय."

ती थबकली. मग स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढली.