रेंज गेली की थांबणारं घड्याळ

राजगडाच्या पायथ्याच्या पालीतल्या हनुमंत रेणुसेची मुलगी स्नेहल बी.कॉम. झाली आणि तिनं एम.बी.ए.च्या सीईटीला बसायचं ठरवलं. हनुमंत गडावर येणाऱ्या ट्रेकर लोकांना घरी जेवू घालायचा. पिठलं वाढता वाढता त्यांच्या कंपन्यांच्या गोष्टी ऐकून त्याच्याही मनात होतं, की पोरीनं तिकडं जावं.

क्लास पुण्यात, तो काही जमण्यासारखा नव्हता. म्हणून तिनं मोबाईलवर सराव चाचण्यांचं एक ॲप घेतलं. घरात रेंज मिळायची नाही. गडाच्या वाटेला थोडं वर गेलं की एका आंब्याखाली दोन काड्या यायच्या. सकाळची भांडी आटोपली की स्नेहल मोबाईल आणि कोरे कागद घेऊन तिथं जाऊन बसायची.

त्या काड्याही यायच्या आणि जायच्या. चाचणी चालू असताना रेंज गेली की पडद्यावरचं घड्याळ थांबायचं, प्रश्न मात्र तसाच दिसत राहायचा. सुरुवातीला तिला रडू यायचं. मग सवय झाली. रिकामं कशाला बसायचं म्हणून ती तेवढ्यात कागदावर गणित सोडवून ठेवायची. रेंज आली की उत्तर दाबायचं आणि पुढं जायचं.

तिचे गुण चढत गेले. कॉलेजातली मैत्रीण शेफाली भोरला राहायची, तिच्या घरी वायफाय होतं. दोघी त्याच चाचण्या द्यायच्या आणि संध्याकाळी फोनवर गुण सांगायच्या. शेफाली कायम मागं.

"माझा वेळच पुरत नाही गं," शेफाली म्हणायची. "शेवटचे कितीतरी प्रश्न बघायचेच राहून जातात."

"घाबरतेस तू. शांत डोक्यानं कर," स्नेहल समजवायची. तिला शेफालीची खरंच काळजी वाटायची.

हनुमंत जेवायला बसलेल्या प्रत्येकाला सांगायचा, "आमची स्नेहल परीक्षा देतीय एम.बी.ए.ची. लई मार्क पडत्यात तिला." एका ट्रेकरनं मोबाईलवरचे गुण पाहिले आणि म्हणाला, "काका, हिला पुण्यातलं चांगलं कॉलेज सहज मिळेल." त्या दिवशी हनुमंतानं त्या माणसाकडून जेवणाचे पैसे घेतले नाहीत.

परीक्षेच्या दिवशी बापलेक मोटरसायकलवर नसरापूर फाट्यापर्यंत गेले आणि तिथून एसटीनं पुण्याला. हनुमंत केंद्राच्या फाटकाबाहेर एका बंद टपरीच्या सावलीत बसून राहिला.

आत स्नेहल संगणकासमोर बसली. पहिले प्रश्न ओळखीचे वाटले. तिनं नेहमीसारखं सावकाश वाचलं, कच्च्या कागदावर नीट मांडलं, एकेक उत्तर पडताळून पाहिलं. चुकत नव्हतं. मग सहज पडद्यावरच्या घड्याळाकडं नजर गेली, तर अर्धा वेळ संपला होता आणि प्रश्नांचा पाव भागही झाला नव्हता. तिला वाटलं, संगणकच बिघडलाय. शेजारच्या मुलाच्या पडद्यावरही तोच आकडा होता. तिनं भराभर पुढं जायला सुरुवात केली, पण हाताला ती चालच ठाऊक नव्हती. साध्या टक्केवारीतही चुका व्हायला लागल्या. एक गणित डोळ्यांसमोर होतं, येत होतं, फक्त जरासा थांबलेला वेळ हवा होता. तोच पडदा बदलला आणि वेळ संपल्याचा, आभाराचा मजकूर आला.

ती बाहेर आल्यावर हनुमंत उठून उभा राहिला. "कसा गेला?"

"बरा गेला, आबा."

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. पोर दमली, असं हनुमंताला वाटलं.

गावात आल्यावर तिनं आंब्याखाली जाऊन शेफालीला फोन लावला. काय काय झालं ते सांगितलं, इथं रेंज गेली की घड्याळही थांबायचं, तसं तिथं काहीच थांबलं नाही, हेही सांगितलं.

"स्नेहल, रेंज गेली की तुझं घड्याळ थांबायचं?"

"हो. का?"

"माझं नाही गं थांबायचं."

निकालात स्नेहलचा आकडा इतका खाली होता, की शेफालीनं तो दोनदा विचारून घेतला. शेफालीला पुण्यात प्रवेश मिळाला. तिनं पेढे आणले नाहीत, नुसता निरोप पाठवला, आणि ते स्नेहलला जास्त लागलं.

हनुमंताला काही केल्या पटेना. "आगं, तुला येत व्हतं की सगळं! म्या सोता बघितल्यात मार्क."

"ते मार्क खरे नव्हते, आबा."

"म्हंजी? तू काय कुणाचं बघून लिव्हलं व्हतंस का?"

"न्हाई ओ. मला वेळ जास्त मिळत होता, आणि मला कळलंच न्हाई."

"पुढच्या वर्साला बसू. वेळेचीच गोष्ट हाय ना? मी बसतो घड्याळ घिऊन."

तिनं होकाराची मान हलवली, केवळ त्याच्यासाठी. एका दुपारी घरात कुणी गिऱ्हाईक नव्हतं. तिनं ओसरीवर छापील प्रश्नपत्रिका मांडली. हनुमंत मनगटावरचं घड्याळ काढून समोर बसला. वेळ संपला की हाक मारायची, एवढंच त्याचं काम.

स्नेहल लिहीत राहिली. पुन्हा तेच झालं. हात सावकाश चालायचा, घाई केली की आकडे सांडायचे. तरी ती शेवटच्या पानापर्यंत पोचली. पोचली म्हणून चकित होऊन तिनं मान वर केली. अंगणातलं ऊन भिंतीवरून पार निघून गेलं होतं.

"आबा, वेळ झाली न्हाई व्हय?"

हनुमंत घड्याळ मुठीत धरून बसला होता. "झाली मगाच. पर तू लिवत व्हतीस. म्हटलं, कशाला उठवा."

स्नेहलनं पेन ठेवलं. त्याच्यावर रागवावं असंही तिला वाटलं नाही. तिनं पानं गोळा केली, कितव्या प्रश्नाला वेळ संपला होता ते विचारलं नाही.

"किती आलं?" हनुमंतानं हळूच विचारलं.

"पुढच्या वर्षी न्हाई बसायचं मला, आबा."

तो काहीतरी बोलणार होता. पण तिनं तोंड फिरवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं उठून त्यानं तिच्यापाशी पाण्याचा तांब्या ठेवला, आणि त्या दिवसापासून जेवायला येणाऱ्या कुणालाही त्यानं मुलीविषयी काही सांगितलं नाही.