बायजा आत्याच्या मापाची सुरी

मुठीच्या पोटाला, जिथे करंगळी टेकते तिथे, एक उथळ खळगा होता. सुरी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली की त्या खळग्यात सावली साचायची, आणि ती मागच्या बाजूला जराशी जास्त लांबायची. जराशी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. मेघाने कॅलिपर लावून पाहिला. मग डोळे मिटून अंगठ्याने चाचपलं. कॅलिपरने सांगितलं तेच अंगठ्यालाही कळलं, आणि तिला बरं वाटलं. म्हणजे सुरी अजून पुरी झाली नव्हती.

खोपोलीत, शिळफाट्यावरच्या तिच्या खोलीखालून घाट चढणारे ट्रक दिवसभर जात. खिडकीची काच त्यांच्याबरोबर थरथरायची, आणि काचेवर चिकटवलेला सुरीचा नमुनाही. तो तिने एका जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापला होता. पातं, पाठ, टोक, मूठ, सगळं एका रेषेत. सकाळचं ऊन मागून आलं की त्या काळसर सुरीच्या आत पांढरी हाडं दिसायची: मनगटाचे बारीक खडे, त्यांच्यापुढे बोटांच्या काड्या. बायजा आत्याचा उजवा हात.

आई गेली तेव्हा मेघा चार वर्षांची होती आणि जगदीशदादा नऊ. त्यांना आत्याने कर्जतजवळच्या कोंडाण्यात वाढवलं. आत्या अजूनही तिथेच होती, एकटी. भाद्रपदात ती लेण्यांच्या वाटेने रानात चढायची आणि करटोली, भारंगी, कुड्याच्या शेंगा अशा रानभाज्या घेऊन उतरायची. कमरेला दोरी, दोरीत लाकडी आकडी, आकडीत कोयती. गेल्या पावसाळ्यात ओढ्यातल्या शेवाळी दगडावरून तिचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण त्या हाताला पूर्वीची कोयती पेलवेना.

मेघा खोपोलीच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत होती. पोलाद किती तापवायचं, तेलात केव्हा बुडवायचं, मग ते किती कडक झालं, हे पाहणं तिचं काम. टेंपोच्या मोडक्या कमानपाट्याचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा, एक तुकडा तिने साहेबांना विचारून तिथल्या भट्टीत तापवला आणि आत्यासाठी हलकी सुरी करायला घेतली. एक्स-रेमध्ये हात जवळजवळ खऱ्या मापाचा असतो. तळव्याच्या रुंदीवरून मूठ आणि मुठीवरून पातं, असं तिने बसवलं. हिशेब सोपा होता. काम एका सुट्टीत व्हायला हवं होतं.

"झाली का गं सुरी?" जगदीशदादा फोनवर विचारायचा.

"थोडी बाकी आहे."

"मागच्या महिन्यातही थोडी बाकी होती. शास्त्रज्ञ बाई, आत्याला कर्जतला माझ्याकडे आणायचंय, हे लक्षात आहे ना? खोली रंगवून ठेवलीय मी. कमोडसुद्धा बसवला."

"माहीत आहे."

"मी सांगितलं तर हाकलून देईल मला. तुझं ऐकते ती. तू सांग."

"सांगते म्हटलं ना. सुरी झाली की सांगते."

"फ्लॅटमध्ये काय कापणार ती रानातल्या सुरीनं? गॅलरीतल्या कुंडीतली करटोली?"

दवाखान्यात आत्याच्या हाताला प्लास्टर घालत होते तेव्हा दादा बाहेरच्या बाकावर बसून रडला होता, हे तिने पाहिलं होतं. त्याची भीती खरी होती. पुन्हा पडली, आणि दिवसभर कुणाला कळलंच नाही तर? म्हणून ती दादाला नाही म्हणत नव्हती, आणि आत्याला सांगतही नव्हती. ती सुरी घासत होती.

शुक्रवारी दुपारी सिराजभाईंचं कमानपाट्यांचं गॅरेज बंद असायचं. नमाजाला जाताना ते ग्राइंडरची खोली तिच्यासाठी उघडी ठेवत. चाकावर पातं टेकवायचं, दोन श्वास, की लगेच पाण्यात. पोलादावर निळी झाक आली तर भट्टीची सगळी मेहनत वाया. टेकव, बुडव, पूस, बघ. टोक फार खाली वाटलं म्हणून तिने पाठ उतरती केली. पाठ उतरती झाल्यावर पोट फुगीर दिसायला लागलं म्हणून पोट आत घेतलं. मग तोल मागे गेला. मूठ बदलली, शिवणीच्या लाकडाच्या नव्या फाकी, जरा लांब. हे सगळं ती खोलीवर येऊन तपासायची, रोज संध्याकाळी, एक काठी सोलत. साल कशी निघते, मनगटावर जोर येतो का, तर्जनीखाली तोल राहतो का.

"मेघाताई," नमाजाहून परत आलेले सिराजभाई दारातून म्हणायचे, "अजून घासताय? शेवटी सुई उरेल बघा हातात. मग आत्याबाई गोधडी शिवतील तिनं."

ती हसायची आणि पातं पुन्हा पाण्यात बुडवायची.

पाण्याखाली ते मासळीसारखं दिसायचं. रात्री झोपेतही यायचं. उल्हास नदीच्या लहान डोहात एक राखाडी मासळी स्थिर उभी आहे, प्रवाहाकडे तोंड करून, आणि मेघा काठावरून तिची पाठ मोजते आहे. मोजता मोजता मासळी मोठी होते. तिची पाठ डोंगराची धार होते, राजमाचीकडे चढत जाणारी, आणि मेघा त्या धारेवरून अनवाणी चालते आहे. पाय कापत नाहीत. धुकं दोन्ही बाजूंना खाली आहे. पुढे आत्या चालते आहे, आणि तिच्या कमरेची आकडी रिकामी आहे. स्वप्नात मेघाला एवढंच कळत असे, की ही धार कुठे संपवायची ते आपल्याला ठरवायचं आहे, आणि ती आणखी थोडं चालत राही.

रविवारी ती स्कूटीवरून कोंडाण्याला गेली तेव्हा कडावच्या पुढे भाताला लोंब्या धरल्या होत्या. दादा दुपारी येणार होता. आज तो परत जाणार नव्हता, निदान उत्तर घेतल्याशिवाय. तसं त्याने फोनवर बजावलं होतं.

आत्याने सुरी घेतली, उलटीसुलटी केली. तिच्या मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्याखाली पितळी पेल्यात सोनकीची ताजी फुलं. म्हणजे ती पहाटेच वर जाऊन आली होती.

"देखणी झाली गं," आत्या म्हणाली. "पोर जन्माला घालायला इतका येळ लागत नाय."

"धरून बघ ना."

आत्याने मूठ आवळली. करंगळी त्या खळग्यापर्यंत पोचलीच नाही. मुठीचा मागचा भाग बोटभर बाहेर राहिला आणि टोक जमिनीकडे झुकलं. तिने पुन्हा धरली, वर सरकवून. मग तर्जनी पात्यावर आली.

"माझ्या हातात बसत नाय ही."

"कशी नाही बसत? तुझ्याच मापाची आहे."

"अगं, हात माझा हाय, मला कळतंय." आत्याने सुरी तिच्यापुढे केली. "तू धर."

मेघाने धरली. बोटं आपोआप आपापल्या जागी गेली. करंगळी खळग्यात, अंगठा पाठीवर, तोल तर्जनीखाली. पेन धरावं तशी.

"चल," आत्या म्हणाली. "दादा यायच्या आदी करटोली आणू. सुरी तू घे."

वाट ओली होती, पण ऊन होतं, आणि पानांवरून निघणारी वाफ हळूहळू वर जात होती. लेण्यांखालच्या झाडीत आवाज फक्त पाण्याचा. आत्या पुढे, मोकळ्या हाताने. मध्येच थांबायची, बोट दाखवायची: "तिथं, त्या पानाच्या मागं." मेघाला काहीच दिसायचं नाही. मग हिरव्यातून वेगळं हिरवं सुटून यायचं, काटेरी, अंड्याएवढं, आणि सुरी देठावर अलगद फिरायची. "ते नको, पिवळं पडलंय, त्याला बी धरू दे." ओढ्याशी आल्यावर आत्याने हात मागे केला. मेघाने सुरी आकडीत अडकवली, तो हात धरला आणि दोघी पलीकडे गेल्या. आकडी केव्हा आपल्या कमरेला आली, हे मेघाला आठवेना.

घरी येऊन तिने पिशवीतून फिल्म काढली आणि सुरीवर ठेवली. पहिला नमुना आणि शेवटची सुरी. मूठ फिल्मच्या बाहेर बोटभर गेली होती, पाठ वेगळी, पोट वेगळं. पांढरी हाडं एका जागी आणि पोलाद दुसरीकडे. कितीतरी संध्याकाळी तिने प्रत्येक बदल स्वतःच्या हातात धरून तपासला होता. जणू आत्याचं वजन मोजायला बसली आणि स्वतःच काट्यावर उभी राहिली. प्रयोगशाळेत एखाद्या नव्या मुलीने असं केलं असतं, तर मेघाने तिला ते आकडे फेकून द्यायला लावले असते.

पण हे आकडे फेकून द्यावेसे तिला वाटेनात. इतके दिवस तिचा हात रोज संध्याकाळी काय मागत होता, ते त्यांत लिहिलेलं होतं.

बाहेर मोटरसायकल थांबली. दादा ओट्यावर येऊन टेकला, पाणी प्यायला, सुपातली करटोली बघून म्हणाला, "परत रानात? आणि वर गेली कशी ही? तू होतीस ना बरोबर?"

"मीच नेलं हिला," आत्या म्हणाली. "वाट इसरली होती."

"आत्या, थट्टा नको. मेघा, सांगितलंस का हिला?"

"काय सांगायचंय रं? सगळं गाव सांगतंय मला." आत्या सुपातली करटोली निवडत राहिली. तिची बोटं मात्र थांबत थांबत चालली होती. "खोलीला रंग कोनचा दिलास तेवढं कुणी सांगितलं नाय."

दादाने मान खाली घातली. "पिवळा," तो म्हणाला. मग मेघाकडे पाहिलं. "बोल ना. सुरी झाली ना आता?"

मेघाने ती मुठीत घेतली. खळग्यातली सावली अजून तांदळाच्या दाण्याएवढी लांब होती, आणि तिथेच तिची करंगळी टेकली होती.

"झाली," ती म्हणाली. "दादा, आत्या कर्जतला येणार नाही. मी इथे राहायला येतेय."