भोकं जुळली म्हणून मी तुमचा होत नाही

ता. ११ नोव्हेंबर १९४६, सोमवार. सकाळी कृष्णाकाठी दाट धुकं, हवेत गारठा. नऊनंतर ऊन पडलं, वारा अजिबात नव्हता.

त्या दिवशी उंब्रजजवळ माझ्यावर आळ आला. चाक वाईट आहे, असं चारचौघांत बोललं गेलं. तो आळ मी तेव्हा मान्य केला नाही, आजही करत नाही. मी लष्करी गाडीचं लोखंडी चाक आहे. माझी बाजू कुणी मांडणार नाही, म्हणून मीच मांडतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला, ऐन लढाईत. ज्यांनी मला घडवलं त्यांच्यासमोर एक ठरावीक गाडी होती. तिचं ओझं किती, तिचा आस केवढा, हे बघून त्यांनी माझी रुंदी ठरवली. माझ्या मधोमध पाच भोकांची पाटी आहे. तिथेच मी गाडीला बोल्टांनी आवळला जातो. ती पाटी माझ्या रुंदीच्या मध्यावर नाही. ती मध्यापासून दोन बोटं आतल्या अंगाला आहे, त्यामुळे माझा बराचसा भाग गाडीच्या बाहेर राहतो. त्या गाडीला तसंच हवं होतं. मी वाळूत धावलो, दगडांवर आपटलो, पण कधी वाकलो नाही.

लढाई संपल्यावर लष्करानं आमचे ढीग विकायला काढले. असा एक ढीग सांगलीच्या एका व्यापाऱ्यानं घेतला आणि आपल्या वखारीच्या अंगणात ओतला. तिथे मला आकाराम भेटला.

आकाराम कराडजवळच्या खेड्यातला. घरचा ऊस होता, पण त्याचं मन स्टिअरिंगवर होतं. पाच वर्षं पलटणीत लॉऱ्या हाकून तो परत आला होता. येताच त्यानं एक जुनी मोटार घेतली आणि कराड–विटा उतारू वाहायचं ठरवलं. थोरले भाऊ लालासाहेब यांना ते पटलं नव्हतं. दोघांत बोली झाली होती, ती आकाराम व्यापाऱ्यालाही सांगून बसला : साताऱ्याला सरकारी तपासणीत गाडी पास झाली तर ती आकारामची, नाही झाली तर विकायची आणि त्यानं मुकाट उसाचं पाणी बघायचं.

आकारामच्या हातात दोन गाठी मारलेला दोर होता. गावच्या रस्त्यावर बैलगाड्यांच्या दोन चाकोऱ्यांमधलं अंतर त्यानं त्यावर मापलं होतं. त्याच्या मोटारीची चाकं चाकोऱ्यांहून अर्धी वीत आत पडत. एक चाक चाकोरीत, दुसरं उंचवट्यावर. उतारू कलंडून एकमेकांच्या अंगावर. बैलगाडीच्या घरात वाढलेल्या माणसाला यावर एकच उपाय सुचला. चाकं बाहेर काढायची, म्हणजे दोन्ही चाकोरीत बसतील.

त्यानं दोर माझ्यावर धरला आणि हरखला. "ह्यो बघा गडी! रुंद बी हाय आन् भायेर बी निघतोय."

"भोकं जुळत्यात न्हवं? मग झालं," व्यापारी म्हणाला.

भोकं जुळत होती. पाचही. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की भोकं जुळणं ही नुसती ओळख आहे. पण चाकाला कोण विचारतो? आम्ही चौघे त्या मोटारीला आवळले गेलो, मी मागच्या अंगाला. पाचवं चाक मात्र तिचं जुनं, अरुंद तेवढं मागे लटकत राहिलं.

तपासणीला गाडी भरलेली दाखवायची होती, म्हणून सोमवारी सगळं घरच आत बसलं. पुढे लालासाहेब. मागे आकारामची बायको साळूबाई, आणि तिच्या शेजारी दोन माणसांची जागा घेऊन धोंडुबाई आत्ती.

"गाडी खाली बसली तर माज्या नावानं बोंब मारायची न्हाई, सांगून ठिवते," आत्ती म्हणाली.

"न्हाई आत्ती, तुमी तर आमचं वजन," आकाराम हसला.

गावचा रस्ता झकास गेला. चाकोरीत आम्ही रुळावर चालल्यासारखे चाललो. "बगा दादा, हलतीया का कुटं!" आकाराम ओरडला. लालासाहेबही मिशीत हसले.

नदी ओलांडून कराडचा मोठा रस्ता लागला आणि चाकोरी संपली. पहिल्याच वळणावर आकारामनं स्टिअरिंग फिरवलं, गाडी एका अंगाला दबली आणि माझा टायर मडगार्डच्या कडेला घासला. मी ओरडलो. खरंच ओरडलो, त्याला माणसं खरखर म्हणतात. दुसऱ्या वळणाला पुन्हा, तिसऱ्याला पुन्हा. स्टिअरिंग एवढं जड झालं की आकारामचे दंड भरून आले. उंब्रजजवळ रबर जळाल्याचा वास आला तेव्हा त्यानं गाडी थांबवली.

साळूबाई तांब्या घेऊन उतरली. तिनं माझ्या मध्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र करून उडालं.

"आवं, तवा तापल्यागत तापलंय की हे!"

टायर सोलला होता. लालासाहेबांनी मला लाथ घातली. "चाकच वाईट हाय. लष्करानं फुकट टाकलं का म्हनून!"

हाच तो आळ. मी जागचा हललो नाही.

मग लालासाहेबांनाच युक्ती सुचली. त्यांनी आत्तीला खाली उतरवलं आणि आकारामला गाडी फिरवून बघायला सांगितली. गाडी फिरली. घासली नाही.

"झालं की मग! आत्ती बसंल हितंच झाडाखाली. पास करून घिऊ आन् येताना न्हिऊ तिला."

तुमची गाडी, तुमची माणसं. पण माझी बोलती बंद करून पास व्हायचं? मनात म्हटलं, चालव बरं, आकाराम. पुढच्या वळणावर पुन्हा ओरडेन.

आकारामनं झाडाखाली टेकलेल्या आत्तीकडे बघितलं. जिंकलेली बोली समोर होती.

"आन् उद्या आत्तीसारखी उतारू आली तर, दादा?"

"माज्यासारखी म्हंजी रं?" झाडाखालून आत्ती गरजली.

आकाराम माझ्यापाशी खाली बसला. जॅक लावला, मला काढलं, मागे लटकणारं जुनं चाक काढलं आणि दोघांना आतली बाजू वर करून शेजारी शेजारी आडवं ठेवलं. जॅकची दांडी आधी जुन्याच्या कडांवर आडवी टाकली आणि तिच्यापासून खाली पाटीपर्यंत बोटं मोजली. चार. मग माझ्यावर टाकली. दोन. रुंदीला मी मोठा, तरी आत मी कमी. म्हणजे उरलेलं सगळं बाहेर.

"आसाचं बेअरिंग आत ऱ्हायलं आन् वजन मी भायेर टांगलं, म्हनून मधी तापलं," तो हळू म्हणाला. "रस्त्याचं माप घेतलं, दादा. गाडीचं घेतलंच न्हाई."

"मंग आता?"

"आज न्हाई दाखवायची."

"म्हंजी नापासच. शब्द तुजाच हाय."

"व्हय. नापास मीच केली."

लालासाहेबांनी हात झटकला. "मंग इकायची."

"एक डाव महिनाभर थांबा की, दाजी," साळूबाई मधे बोलली. थोरल्या दिरासमोर ती पदर सावरून उभी होती, पण आवाज खणखणीत होता. "जुनी चाकं बशिवत्याल आन् फिरून दावत्याल. तवर उसाचं पानी मी बगते. रातपाळीचं बी."

"तुला जमंल?"

"मी बोलले न्हवं?"

लालासाहेबांनी फेटा नीट केला. "महिनाभरच," म्हणाले, आणि आकारामनं मला परत आवळल्यावर गाडीत जाऊन बसले. आत्ती मात्र बसली नाही. "मी गाडीवानाबरुबर येते," म्हणाली, आणि समोरून आलेल्या बैलगाडीत चढली.

आता मी आकारामच्या गुऱ्हाळाच्या भिंतीला टेकून आहे. आम्ही चौघेही. कुणी म्हणतं गुळाच्या चुलवणाला टेकू लावा, कुणी म्हणतं विहिरीवर रहाटाला न्या. परवा मोटार घेतलेला एकजण आला, बोटानं माझी भोकं मोजून म्हणाला, "जुळत्यात. देता?"

आकारामनं विचारलं, "तुजं जुनं चाक आनलंस?"

"ते कशाला?"

"मंग न्हाई देत."

तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. मी रुंद आहे, देखणा आहे, मजबूत आहे. म्हणून मला उचलू नका. तुमची गाडी ज्या चाकावर जन्मली ते आधी माझ्याशेजारी आडवं ठेवा. रुंदी बघा, पाटी कुठे आहे ते बघा, मडगार्डखाली जागा किती ते गाडी भरून, स्टिअरिंग दोन्हीकडे पुरतं फिरवून बघा. एवढं करणार नसाल तर मला भंगारात घाला. वितळेन. पण चुकीच्या गाडीवर बसून वाईट म्हणवून घेणार नाही.

ता. ९ डिसेंबर १९४६, सोमवार. आकाश निरभ्र, थंडी. आकारामची मोटार साताऱ्याला जुन्या चाकांवर, धोंडुबाईंसह भरून, तपासणीत पास झाली.