फाटकापलीकडे दोन रात्री

"पिशवी खाली ठेव," रेमेदिओस म्हणाली. तिचं तोंड गॅसकडे होतं. मागे काय चाललंय हे बघायला तिला वळावं लागत नसे.

एस्त्रेयाने पिशवी खांद्यावरच राहू दिली. बेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, पण आपल्या आईच्या स्वयंपाकघराच्या दारात ती अजूनही शाळा बुडवून पकडली गेल्यासारखी उभी राहायची.

"दोन रात्रींची तर गोष्ट आहे, आई. फार तर तीन."

"दोन रात्री." रेमेदिओसने गॅस बंद केला. "हे दोन शब्द या घरात बोलायचे नाहीत, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. फ्रिजवरच्या टीव्हीत लंडनच्या पार्लमेंटचं ते हिरव्या बाकांचं सभागृह दिसत होतं. काल तिथे पुन्हा चार ठराव आले आणि चारही पडले. मागच्या आठवड्यात आठ आले होते, तेही पडले होते. इंग्रजांना युरोपातून बाहेर पडायचं, हे ठरून तीन वर्षं होत आली. पण कसं पडायचं, यावर त्यांचं काही जमेना. एक तारीख टळली होती. आता पुढच्या शुक्रवारची धरली होती, आणि त्यानंतर फाटकाचं काय होणार हे ला लिनेआत, स्पेनच्या या हद्दीवरच्या गावात, कोणालाच सांगता येत नव्हतं. निम्मं गाव रोज सकाळी ते फाटक ओलांडून इंग्रजांच्या जिब्राल्टरमध्ये, खडकाच्या पायथ्याशी कामाला जायचं आणि संध्याकाळी परतायचं. या निम्म्या गावाच्या जिवाला घोर आणि टीव्हीवाल्यांच्या तोंडात तेच ते.

"बघ त्यांच्याकडे," रेमेदिओसने टीव्हीकडे डाव दाखवला. "बारा पदार्थ वाढले. हे नको, ते नको, बाराही नको. बरं, नको तर उठा. तर तेही नाही. ताटावर बसून नुसते ओरडतायत, आणि वाढणाऱ्याचे हात दुखायला लागले."

"म्हणूनच जायचं. मेट्रन म्हणाली, ज्यांना जमेल त्यांनी आजपासून तिकडेच राहा. फाटक बंद नाही झालं तरी रांगा लागतील. वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं, आई. त्यांना सकाळी उठवायचं कोणी?"

"इंग्रजांनी. एवढे ओरडतायत, म्हणजे जागे आहेतच."

एस्त्रेयाला हसू आलं, पण तिने ते गिळलं. आईसमोर हसलं की हरलं.

या घरात 'दोन रात्री' म्हटलं की चारी. रेमेदिओसची थोरली बहीण. पन्नास वर्षांपूर्वी ती खडकावर एका साहेबाच्या घरी मुलं सांभाळायची. त्या जूनमध्ये माद्रिदचा हुकूमशहा फाटक बंद करणार अशी आवई उठली. चारी म्हणाली, मी दोन रात्री तिकडेच राहते, नोकरी टिकेल, तोवर उघडेल. फाटक बंद झालं आणि उघडलं तेरा वर्षांनी. मधे त्यांची आई गेली. एवढ्याशा अंतरासाठी बोटीने आफ्रिकेत तँजिअरला जायचं आणि तिथून दुसऱ्या बोटीने इकडे यायचं, असा वळसा होता. तरी लोक आपल्या माणसाच्या मातीला यायचे, उशिरा का होईना यायचे. चारी आली नाही. फाटक उघडलं तेव्हा पहिल्याच गर्दीबरोबर ती आली आणि याच घराचं दार वाजवत राहिली. रेमेदिओसने वरच्या खिडकीतून पाहिलं. खाली उतरली नाही.

खडकावर पाऊल टाकणार नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं. शेजारणी तिकडून स्वस्तातली साखर आणायच्या. रेमेदिओस महागातली घ्यायची आणि ती जास्त गोड लागते म्हणायची.

"आणि मावशीला कोण भरवणार?" एस्त्रेया म्हणाली.

हा शब्द या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. चारी त्याच वृद्धाश्रमात आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कपाटामागे ओल आहे हे माहीत असतं तसं. कपाट कोणी हलवत नव्हतं.

"माझ्याशिवाय ती कोणाच्या हातचं खात नाही," एस्त्रेया भराभरा बोलली, थांबली तर पुन्हा धीर होणार नाही अशी. "मागे मला ताप आला होता ना, तेव्हा तिने तोंडच उघडलं नाही. शेवटी सलाइन लावावी लागली. मला ती ओळखत नाही, आई. रेमे म्हणते. मी तूच आहे असं समजून खाते."

रेमेदिओसने शेगडी पुसायला घेतली. शेगडी स्वच्छ होती. तिने ती पुसली, फडकं पिळलं, वाळत टाकलं आणि कमरेचा एप्रन सोडला.

"थांब. मी येते."

"कुठे?"

"तुझ्या मेट्रनला सांगायला. माझी मुलगी रात्री माझ्या घरी झोपते. सांगायची तुला भीती वाटते, मला वाटत नाही."

तिने काळा कोट घातला, कानात मोती घातले आणि ओळखपत्र हातातच धरलं. कोणी अडवलं तर पर्समध्ये शोधाशोध करत उभी राहणाऱ्यांतली ती नव्हती.

फाटकापाशी पोचल्या तर रांग कसली, नुसती गर्दी. शिट्ट्या वाजत होत्या. कोणीतरी कठड्यावर पातेलं बडवत होतं. आज पहारेकरी एकेकालाच सोडत होते. पुढच्या आठवड्याची रंगीत तालीम आहे, असं कोणी म्हणालं. मागून रेटा आला, पुढून शिवी आली.

गल्लीतला खेनारो, गोदीतला वेल्डर, त्यांच्या पुढेच उभा होता. त्याने मागे वळून पाहिलं आणि पाहतच राहिला.

"रेमेदिओस? तू? मग फाटक खरंच बंद होतंय म्हणायचं."

"आधी तुझं तोंड बंद कर, फाटकाचं नंतर बघू."

"माझं तोंड बंद करून काय होणार? साहेबाला विचारलं, पंधरा दिवसांनी कामावर येऊ का. म्हणाला, लंडनला विचार. आता लंडनला काय विचारू, लंडनच लंडनला विचारतंय." तो हसला नाही. "घरात भांडण त्यांचं आणि भांडी फुटतायत आमची. मला कोणी विचारलं होतं? तुला विचारलं होतं?"

"मला विचारायची हिंमत आहे कोणाची?"

दोघेतिघे हसले. तेवढ्यात पुढे काहीतरी झालं. एका तरुणाने कठड्याला लाथ मारली. लोखंड घणघणलं आणि पहारेकऱ्याचा हात कमरेच्या दांडक्यावर गेला. शिट्ट्या थांबल्या. सगळी गर्दी एकदम गप्प झाली. एस्त्रेयाने आईचा दंड धरला. रेमेदिओसने हनुवटी वर केली. तिला आठवत होतं, त्या जूनमध्येही लोक असेच गप्प झाले होते आणि मग कुलपाचा आवाज आला होता.

खेनारोने त्या पोराला काखेत धरून मागे ओढलं. "चल रे, दांडक्याने डोकं फुटलं तर लंडनला पत्ताही लागायचा नाही." पहारेकऱ्याने दांडक्यावरचा हात काढला, मागच्या कोणाला तरी खूण केली आणि दुसरी झडप उघडली. गर्दी पुढे सरकली.

रेमेदिओसने ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं.

"चला आजी, चला," तो म्हणाला. बघत होता मागच्या माणसाकडे.

"बघ तरी."

"आजी, रांग अडवू नका."

ती पलीकडे होती. सुईत दोरा ओवायलाही जास्त वेळ लागतो.

पुढे रस्ता विमानाच्या धावपट्टीवरून जातो. लाल दिवा लागला, सगळे थांबले, विमान कानठळ्या बसवत उतरलं. खडकाच्या माथ्यावर पूर्वेच्या वाऱ्याचा ढग बसला होता. या बाजूने तो खडक वेगळाच दिसत होता, अंगावर आल्यासारखा.

"एवढंच?" रेमेदिओस म्हणाली.

"काय एवढंच?"

"अंतर."

आश्रमात मेट्रन दोन्ही कानांना दोन फोन लावून उभी होती. निम्म्या मुली अजून फाटकापलीकडेच अडकल्या होत्या. "एस्त्रेया, देवासारखी आलीस गं. या तुझ्या आई का? बसा हं बाई, आलेच मी." आणि ती गेली. रेमेदिओसने वाटभर जुळवलेलं भाषण ऐकायला कोणी उरलंच नाही. ती दिवाणखान्याच्या दारात उभी राहिली.

आत भिंतीला लावून खुर्च्या होत्या, खुर्च्यांत म्हातारी माणसं, आणि कोपऱ्यात टीव्ही. तिथेही तीच हिरवी बाकं. कोणीतरी घसा फोडून "शांतता, शांतता" म्हणत होता. पलीकडच्या टोकाला, खिडकीशी, मुलासारखे केस कापलेली एक चिमुकली बाई बसली होती. इतकी वर्षं रेमेदिओस मनातल्या मनात भांडत होती ती उंच टाचांच्या लाल चपला घालणाऱ्या एका मुलीशी. ही कोण? मग त्या बाईने मान वळवली आणि आईची हनुवटी दिसली.

एस्त्रेयाने पिवळ्या कस्टर्डची वाटी घेतली. "घे मावशी."

आज चारीने तिच्यासमोरही ओठ मिटले. एस्त्रेयाचं अर्धं लक्ष दारातल्या आईकडे होतं. चमचा हनुवटीला लागला, कस्टर्ड गळ्यावर सांडलं. चारीने तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा एस्त्रेयाचे डोळे भरले.

कोणतंही काम कोणी धड करत नसेल तर रेमेदिओसला ते बघवत नसे. "ए चारी," तिथूनच, दारातूनच ती ओरडली, "तोंड उघड."

दिवाणखान्यातली सगळी डोकी वळली. चारीनेही वर पाहिलं. जवळ नाही, लांब पाहिलं, खुर्च्यांच्या वरून, उन्हात बघावं तसे डोळे बारीक करून. मग तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि त्या एवढ्याशा छातीत कुठे होता कोण जाणे, असा आवाज काढला.

"रेमेऽऽ, वारा आहे गं. मोठ्याने बोलऽऽ."

एस्त्रेयाचा चमचा हातातच राहिला. तिला काही कळेना. तिच्या जन्माआधीची गोष्ट होती ती.

रेमेदिओसला कळलं. फाटक बंद झाल्यावर दर रविवारी लोक कुंपणापाशी जायचे. तिकडचे तिकडच्या कुंपणाशी, इकडचे इकडच्या, आणि मधे मोकळी जमीन. हात लावणं नाही, कुजबुजणं नाही, फक्त ओरडणं. लग्नं ओरडून कळवायची, बाळंतपणं ओरडून. शंभर आवाजांतून आपल्या माणसाचा आवाज वेचून घ्यायचा. आईला ओरडवत नसे. ती खुर्ची टाकून बसायची आणि तिच्या वतीने रेमेदिओस ओरडायची. आई गेली आणि रेमेदिओस त्या कुंपणाकडे फिरकलीच नाही. ती ओरडून सांगायची गोष्ट नव्हती. चारीला ती कोणी सांगितली, कधी सांगितली, सांगितली तरी की नाही, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"आई कशी आहेऽऽ?" चारीने विचारलं.

रेमेदिओसने तोंडाभोवती हात धरले.

"बरी आहेऽऽ."

"जेवलीऽऽ?"

"जेवलीऽऽ."

टीव्हीतला माणूस अजून शांतता मागत होता. चारीने मान थोडी पुढे काढली.

"माझ्यावर रागावलीय काऽऽ?"

"नाहीऽऽ," रेमेदिओस ओरडली, पण आवाज मधेच चिरला. तो पलीकडे पोचला नसेल असं तिला वाटलं. तिने छातीभर श्वास घेतला आणि पुन्हा ओरडली, "नाही रागावलीऽऽ. तू खाऊन घेऽऽ."

चारीने तोंड उघडलं. एस्त्रेयाने चमचा आत दिला.

मेट्रन धावत आली. "काय झालं? कोण ओरडतंय?"

"कोणी नाही," रेमेदिओस मान न वळवता म्हणाली. "आम्ही बोलतोय."

मेट्रन क्षणभर घुटमळली. "तुम्हाला मला काही सांगायचं होतं ना?"

"हो. माझ्या मुलीला रात्री जाड पांघरूण द्या. तिला थंडी बाधते."

एस्त्रेयाने खिडकीशेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली आणि आईला मानेने खूण केली, इथे ये, बस. रेमेदिओस हलली नाही. चारी घास चघळत होती आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून त्या दाराकडेच बघत होती. रेमेदिओस तिथेच उभी राहिली, कोट अंगात, वाटी संपेपर्यंत.