शून्याची वांगी

अक्षरानं मशीनची सुई पुन्हा धुतली, नवी कुपी लावली आणि पडद्याकडं पाहत राहिली. रेघ सपाट निघाली, थोडी पुढं सरकली आणि मघाच्याच जागी टोकदार सुळका काढून खाली आली.

"मॅडम, न्हाई गेला."

गीतांजलीनं मनगटानं चष्मा वर सरकवला. हातात मोजे होते. "भांडं नीट धुतलं नसेल."

"नवं काढलं. खोक्यातलं."

"मग विद्रावक खराब असेल."

"नुसता विद्रावक लावून बघितला. त्याची रेघ सरळ हाय." अक्षरा नुकतीच कामाला लागलेली होती, म्हणून पुढचं वाक्य बोलायला तिला वेळ लागला. "मॅडम, हे तुमच्या वांग्यातूनच येऊन राहिलंय."

गीतांजली हसली. माहेरावर कुणी काही बोललं की बायका हसतात तसं.

भाजीत फवाऱ्याचं औषध किती उरलंय हे मोजायचं, तर आधी ज्यात ते अजिबात नाही अशी तीच भाजी लागते. तिला शून्य धरायचं आणि बाकीच्यांना तिच्या शेजारी उभं करायचं. अडचण एवढीच, की लातूरच्या बाजारात शून्य मिळत नाही. दुसऱ्या लॅबवाले त्यासाठी कुठंकुठं हिंडतात. गीतांजलीला हिंडावं लागलं नव्हतं. तिचं शून्य दर आठवड्याला मुरुडहून दुधाच्या टेम्पोत बसून येई.

मुरुडच्या शेतात तिचे वडील भगवानराव वांगी लावत. सगळ्या रानावर बाजाराला आवडेल तसा फवारा मारत आणि बांधाकडच्या दोन सरी घराला ठेवत. मध्ये शेवरीची दाट ओळ, म्हणजे वाऱ्यानंही इकडचं तिकडं व्हायला नको. घरच्या सरींवर फार तर राख. "बाजाराला चकाकी लागती, आपल्याला वांगं," असं ते म्हणत, आणि त्यात काही लबाडी आहे असं त्यांना वाटत नसे. गावात कुणालाच वाटत नसे, कारण सगळ्यांच्याच शेतात अशा सरी होत्या. रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झालेल्या त्यांच्या मुलीलाही वाटलं नव्हतं. तिनं उलट त्या सरी कामाला लावल्या. पिशवीतली अर्धी वांगी सासरच्या स्वयंपाकघरात जात, अर्धी लॅबच्या फ्रीजरमध्ये. फ्रीजरमधल्या पाकिटावर ती स्वतःच्या अक्षरात 'घर' असं लिही आणि खाली तारीख घाली.

पहिल्यांदा आणली तेव्हा तिनं ती कसोशीनं तपासली होती. रेघ आरशासारखी सपाट आली होती. त्यानंतर तपासली नाहीत. माहेर कुणी दर आठवड्याला तपासत नाही.

"तू चहा पिऊन ये," ती अक्षराला म्हणाली.

अक्षरा गेल्यावर तिनं फ्रीजर उघडला आणि बर्फ खरवडून जुनी पाकिटं बाहेर काढली. एकेका पाकिटातला लगदा काढून दुपारभर ती मशीनला लावत राहिली. चहा पिऊन आलेली अक्षरा मागं येऊन उभी राहिली आणि काही न विचारता कुप्या पुसून देऊ लागली. दिवाळीचं वांगं सपाट. मार्गशीर्षातलं सपाट. संक्रांतीच्या आधीचं सपाट. संक्रांतीनंतरच्या पहिल्याच पाकिटात सुळका उभा होता, आणि तिथून पुढं प्रत्येकात.

"संक्रांतीला काय झालं असल हो मॅडम?" अक्षरानं विचारलं.

"तूर काढतात तेव्हा," गीतांजली म्हणाली. हे काही उत्तर नव्हतं.

संक्रांतीला तिचा धाकटा भाऊ अण्णाराव तिळगूळ घेऊन आला होता. स्टीलच्या डब्याखाली कागद होता. वडील गेल्यावर जमिनीवर तिचंही नाव लागलं होतं, ते काढायचं हक्कसोडपत्र. "आक्का, घाई न्हाई," तो म्हणाला होता, "पण तलाठी बदलून चाललाय." गीतांजली म्हणाली होती, "बघू." बघू म्हणजे नाही, हे अण्णारावला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो चहा पिऊन, भाच्याच्या हातावर नोट ठेवून, कागद घडी करून घेऊन गेला. भांडण झालं नाही. पिशवीही थांबली नाही. उलट त्यानंतरची वांगी जास्तच देखणी येऊ लागली, जांभळी, तुकतुकीत, एक डाग नाही. लग्नापासून पहिल्यांदाच सासूबाई तिच्या माहेरच्या पिशवीबद्दल चार शब्द बरं बोलल्या होत्या. गीतांजलीनं मनातल्या मनात ते भावाच्या नावावर जमाही केलं होतं. रागावला नाही बिचारा.

शून्यातच काहीतरी असलं, तर ते सगळ्यांच्या आकड्यातून वजा होतं. म्हणजे माहेरच्या वांग्यात जितकं होतं, तितकं परक्यांच्या वांग्यात कमी दिसलं होतं. त्यांतल्या काहींवर लॅबचा शिक्का घेऊन सत्यम नावाचा पोऱ्या 'विषमुक्त भाजी'ची पाकिटं शिकवणीवाल्या मुलांच्या मेसला पुरवत होता.

ती शिवमूर्तींच्या केबिनमध्ये गेली. लॅबचे मालक शिवमूर्ती आधी आडत बघायचे. मालाला हात लावून भाव सांगायची सवय अजून गेली नव्हती. त्यांनी तिचा कागद हातानंच तोलल्यासारखा केला.

"सर, संक्रांतीपासूनचे वांग्याचे रिपोर्ट चुकलेत. कमी दाखवलंय आपण."

"कुणी बोंबललं का?"

"न्हाई."

"मग चुकले कसे म्हणता?" त्यांनी बडीशेपेची चिमूट तोंडात टाकली. "मॅडम, जास्त दाखवलं असतं तर सत्यम इथं येऊन बसला असता. कमीला कोण येतंय?"

"मेसमधली पोरं खातात ती, सर. सगळे नमुने फ्रीजरमध्ये आहेत. परत लावायचे म्हणतेय."

"लावा की. कशाच्या शेजारी ठेवून लावणार? तुमचं शून्य तर नासलं."

गीतांजलीनं कागद परत घेतला.

"आणा नवं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटल्याचा सूर होता. "घावलं तर परत मोजू. तोवर हे तुमच्या-माझ्यात."

रविवारी ती बार्शीच्या गाडीत बसली. खिडकीशी बसून तिनं सगळ्या शक्यता नीट मांडल्या. शेवरी तोडली असेल, त्यामुळं वाऱ्यानं उडालं असेल. फवारायला नवा गडी लावला असेल, त्याला सरी ठाऊक नसतील. घरच्या सरी मोडल्याच असतील, आजकाल कोण एवढं करतं. मुरुडच्या अलीकडं फाट्यावर उतरून ती आधी शेताकडं गेली.

शेवरी उभी होती, तिच्याहून उंच. पलीकडं दोन सरी होत्या. पानांना भोकं पडलेली, वांगी लहान, काहींना अळीनं तोंड मारलेलं. झाडांच्या बुडाशी ताजी राख टाकलेली होती. ती थोडा वेळ बांधावर उभी राहिली आणि मग घराकडं वळली.

"आगं, फोन तर करायचा!" कावेरीबाई चुलीपुढून उठल्या नाहीत, पण त्यांचं तोंड उजळलं. "सकाळच्या टेम्पोनं पिशवी धाडणार व्हते. आता नीच संगं."

पिशवी दारापाशी भरून ठेवलेली होती. अण्णाराव जेवायला बसला होता. त्यानं सरकून जागा दिली.

"ये आक्का. काय म्हणती लॅब? लोकाचं इख मोजून राहिलीस?"

"मोजतेय."

"आमचं बी मोज कंदी. फुकटात करशील का न्हाई?"

"केलं," ती म्हणाली. तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

ती ताटावर बसण्याआधी दाराकडं गेली आणि पिशवीतलं एक वांगं उचललं. त्यात तिचा चेहरा दिसावा इतकं ते लख्ख होतं. चुलीजवळ टोपलं होतं. त्यात ती लहान, डागाळलेली.

"आई, ही कुठली?"

"रानातली की."

"आन् टोपल्यातली?"

"ती घरची," कावेरीबाई बोलून गेल्या, आणि तव्यावरची भाकरी उलटायला वाकल्या. भाकरी उलटायची झाली नव्हती.

अण्णारावचा घास तसाच चालू होता.

"तुझ्या सासूपुढं किडकी वांगी धाडू का?" कावेरीबाई तव्याकडं बघूनच म्हणाल्या. "काय म्हणल ती बाई? ह्यांच्यात असलंच पिकतंय."

गीतांजलीला हे कारण घ्यायचं होतं. बरं कारण होतं, घडी करून पर्समध्ये ठेवण्यासारखं. पण तिचं तोंड आधीच उघडलं होतं.

"पैलं धाडत होतीस. किडकीच धाडत होतीस."

"पैलं तुझे दादा तोडायचे."

वडील तर दिवाळीच्या आधीच गेले होते, आणि किडकी संक्रांतीपर्यंत येत होती. भिंतीवर कॅलेंडरच्या खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद टांगलेला होता. संक्रांतीच्या घड्या त्यावर तशाच होत्या.

"सरी दोनच हाईत, आक्का," अण्णाराव भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला. आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं. "घरच्यापुरत्या."

ती ताटावर बसली. आईनं वाढलेलं भरलं वांगं तिनं खाल्लं, अळीची जागा कोरून काढलेलं. चव तीच होती. आणखी एक मागून घेतलं. आईनं दोन वाढली, आणि पदर डोळ्यांपर्यंत नेऊन धुराला शिव्या घातल्या.

हात धुताना गीतांजली म्हणाली, "मला टोपल्यातली चार पायजेत. लॅबला."

"किडकी?" अण्णाराव हसला. "आता किडे बी मोजायचे का?"

"ज्यात काही नसतंय, असली लागतात."

हसू त्याच्या तोंडावर थोडं राहिलं आणि मग गेलं. त्यानं ताट पुढं सरकवलं, खरकटा हात तसाच धरून तो आईकडं बघू लागला. आई टोपल्याकडं बघत होती.

"ने की," शेवटी तो म्हणाला. "लॅबलाच ना? ने."

कावेरीबाईंनी टोपल्यातून निवडून निवडून वांगी काढली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली आणि तिच्या हातात दिली. मग दारातली पिशवीही उचलून दुसऱ्या हातात दिली. "ही बी ऱ्हाऊ दे. तुझ्या सासूला आवडत्यात."

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण आईला ठाऊक होतं. गीतांजलीनं पिशवी घेतली.

परतीच्या गाडीत तिनं ती वर फळीवर ठेवली. लातूर आलं तशी फडकं तेवढं छातीशी धरून ती उतरली आणि भराभर चालू लागली. मागून एक बाई पळत आली. "ओ ताई! वांग्याची पिशवी इसरलाव की! काय सुरेख वांगी हाईत, माहेरची वाटतं?"

"हाव," गीतांजली म्हणाली.

सोमवारी अक्षरानं फडक्यातली वांगी चिरली, वाटली, नळीत घोळवली आणि कुपी मशीनला लावली. दोघी पडद्यासमोर उभ्या राहिल्या. रेघ निघाली, सुळक्याच्या जागेपाशी आली आणि काहीच न घडल्यासारखी पुढं निघून गेली. शेवटपर्यंत सपाट.

"आलं की मॅडम! शून्य आलं!" अक्षरानं टाळी वाजवली. "परत लावते. खात्री होऊ दे."

"लाव," गीतांजली म्हणाली. दुसऱ्यांदा सुळका येईल, अशी तिला थोडी आशा होती. आला नाही. घरच्या सरी स्वच्छ होत्या. तिथं कुणाचा हात चुकला नव्हता.

शिवमूर्तींनी दारातून डोकं आत घातलं. "घावलं का?" पडद्याकडं बघून त्यांचं तोंड उतरलं. "घावलं," ते स्वतःशीच म्हणाले आणि सत्यमला फोन लावायला गेले.

अक्षरानं उरलेला लगदा पाकिटात भरला, तोंड बंद केलं आणि पेनाचं टोपण दातानं काढलं. "नेहमीसारखं 'घर' लिहू ना, मॅडम?"

गीतांजली हातमोजा काढत होती. एक बोट आत अडकलं होतं, ते तिनं सावकाश सोडवलं.

"मुरुड लिही."

"नुसतं मुरुड?"

"आन् तारीख घाल," ती म्हणाली, आणि सत्यमचं पहिलं पाकीट काढायला फ्रीजरकडं वळली.