पुस्तकाला डास लागतो

जर्मन भाषेत पुस्तकाला डास लागतो हे मावशीला कळलं, तेव्हा ती बायंडिंगच्या टेबलावर डोकं टेकून इतकी हसली की खळीचं भांडं सांडता सांडता राहिलं. पण ती गोष्ट पुढची. त्याआधीचे तीन महिने मावशी नुसती रडकुंडीला आली होती.

मावशी म्हणजे टकळीच्या आईची धाकटी बहीण. टकळी नववीत होती आणि तिचं खरं नाव हजेरीच्या वेळेखेरीज कुणी घेत नसे. तोंड अखंड चालू, म्हणून टकळी. मावशीचं तोंड मात्र कामापुरतंच उघडायचं. गेली अठरा वर्षं ती एका बायंडिंगच्या कारखान्यात होती. फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेले सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, क्रमाने लावायचे, सुईदोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावायची, दाबाखाली ठेवायचे आणि वाळले की पुठ्ठा चढवायचा. कॉलेजांचे काळे, जाडजूड प्रबंध तिच्या हातून शेकड्यांनी गेले होते. त्यातला एकही तिने वाचला नव्हता, पण कुठल्या विषयाची मंडळी शेवटच्या दिवशी धापा टाकत येतात, ते तिला तोंडपाठ होतं.

तिचा खरा जीव होता जुन्या पुस्तकांत. वाळवीने चाळण केलेलं, पाठ मोडलेलं पुस्तक पुन्हा उभं कसं करायचं, ते तिला शिकायचं होतं. आणि ते शिकवणारी एक शाळा तिला फोनवर सापडली. दूर परदेशात, ऑक्टोबरपासून दोन वर्षांचं शिक्षण, बाहेरच्या देशांतल्या कारागिरांसाठी एकच जागा, राहण्याजेवणासकट. मावशीने आपल्या कामाचे फोटो पाठवले आणि ते त्यांना आवडले. आता उरली होती एकच पायरी. तिथल्या मुख्य कारागिराशी वीस मिनिटं व्हिडिओवर बोलायचं. निवड त्याच्याच हातात. आणि त्याला येत होती फक्त जर्मन.

हातात पाच महिने होते.

आईने बातमी ऐकली आणि आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "अगं, तू दहावीला इंग्रजीत दोनदा गेलीस."

टोमणा नव्हता तो, नुसती माहिती होती. मावशीला तर ती माहिती रोज आठवायची. शाळेत तिचे इंग्रजीचे सर तिने वाचायला तोंड उघडण्याआधीच एक लांब सुस्कारा सोडायचे. सगळा वर्ग हसायचा. तेव्हापासून भाषा या विषयाला तिने लांबूनच हात जोडले होते.

जर्मनच्या क्लासात चौकशी केली, तर तासांची वेळ बरोबर कारखान्याच्या वेळेत. म्हणून टकळीने एका रविवारी सकाळी मावशीचा फोन ताब्यात घेतला आणि त्यात जे जे फुकट मिळेल ते ते भरलं. चष्मा घातलेल्या खारीचं एक ॲप. शब्द बोलून दाखवणारा शब्दकोश. मुद्दाम सावकाश वाचलेल्या बातम्या. आणि आपली आपण चित्रांची कार्डं बनवायची एक साइट. टकळीच्या अंगात तर वारंच शिरलं होतं. मावशी नुसती बघत राहिली आणि शेवटी तिने विचारलं की हे लोक फुकट का देतात, यांचं काय अडलंय. टकळीने खारीचा पहिला धडा उघडून फोन तिच्या हातात दिला.

पहिली अडचण लगेच आली. खार जर्मन शिकवायची, पण इंग्रजीतून. मावशीचा चेहरा पडला. टकळी म्हणाली की मग काय झालं, एकावर एक फुकट समज. सुरुवातीचे दोन आठवडे ती शेजारी बसून इंग्रजीचं मराठी करून देत होती. खारीची वाक्यं तर एकेक नमुना. शेळी खिडकीत बसली आहे. माझ्या पाहुण्याच्या टोपीत मासा आहे. मावशी ती वाक्यं कणीक मळताना म्हणायची, आणि आई म्हणायची की मुलाखतीत शेळीची चौकशी झाली तर तुझा पहिला नंबर.

पण मावशीचं घोडं अडलं ते भलतीकडेच. जर्मनमध्ये प्रत्येक वस्तूच्या आधी डेअर, डी किंवा डास लागतो. डेअर म्हणजे तो, डी म्हणजे ती आणि डास म्हणजे ते. इंग्रजीवाल्यांना याचा फार जाच होतो म्हणे. टकळीला वाटलं, आपण तर जन्मापासून तो-ती-ते करतोय, आपल्याला हे अगदी घरच्यासारखं. तिथेच तर फसगत झाली. मावशी मराठीतला तो-ती-ते सरळ उचलून जर्मनला लावायची. दूध ते, म्हणून डास. खार म्हणायची, चूक, डी. सफरचंद ते, म्हणून डास. चूक, डेअर. काटा तो, सुरी ती. दोन्ही चूक. प्रत्येक चुकीला खारीच्या पिशवीतलं एक अक्रोड जायचं, आणि पिशवी रिकामी झाली की धडा बंद. मावशीची पिशवी चहा उकळायच्या आत रिकामी व्हायची.

मुलगी हा शब्द तर डास निघाला. टकळीला ते भारीच लागलं. मुलगी आणि ते? हा काय प्रकार आहे, असं म्हणून ती तरातरा आईकडे गेली. आईने शांतपणे सांगितलं, "बरोबरच आहे की. तुला आम्ही कार्टं म्हणतो ना? ते कार्टं."

तीन महिने असे गेले. टकळी शेजारी बसून आपणही शिकत पुढे पळत होती आणि मावशी अक्रोडांवर अडकली होती. एका संध्याकाळी टकळीच्या तोंडून निघून गेलं की मावशी, हे तर कालच झालं होतं ना, आणि त्याबरोबर एक छोटासा सुस्कारा. तिला कळलंसुद्धा नाही. मावशीने फोन उचलला आणि ती आतल्या खोलीत गेली. टकळी मागोमाग गेली, माफी मागायला. मावशी रागावलेली नव्हती. पलंगाच्या कडेवर बसून ती तोच धडा पुन्हा करत होती. म्हणाली, "तू आता शेजारी बसू नकोस. हिला मी शंभर वेळा चुकलेलं चालतं. ही कधी सुस्कारा सोडत नाही."

टकळीला त्या खारीचा हेवा वाटला. आणि पहिल्यांदा आदरही.

तेव्हापासून मावशी एकटीच शिकू लागली. सकाळी पाणी भरताना सावकाश बातम्या, बसस्टॉपवर खार, जेवणाच्या सुट्टीत शब्दकोश. त्या शब्दकोशात शब्दावर बोट ठेवलं की एक बाई तो बोलून दाखवायची. दहा वेळा ठेवा, दहाही वेळा तितक्याच गोडीने. मावशी म्हणायची, आपल्या नात्यात अशी एकही बाई नाही.

आणि मग तो रविवार आला. कारखाना बंद होता, पण मालकांनी मावशीला किल्ली दिली होती. कार्डांच्या साइटवर दूध-सफरचंद पुरे झालं, आता आपल्या हत्यारांची कार्डं करू, असं तिच्या मनाने घेतलं होतं. फोटो काढायला टकळी हवी होती, तेवढ्यापुरती तिला पुन्हा परवानगी मिळाली.

टकळीने सुईचा फोटो काढला. मावशीने शब्दकोशात सुई शोधली. डी. "ती सुई," मावशी म्हणाली आणि थांबली.

पुढे दोरा. डेअर. तो दोरा. वर त्याचं नाव फाडेन. शिवायच्या दोऱ्याला फाडेन म्हणणाऱ्या लोकांचं टकळीला हसू आवरेना. पण मावशीचं लक्ष नव्हतं, तिने कात्री पुढे ओढली होती. डी. ती कात्री. भोकं पाडायची आरी? डी. हातोडा? डेअर. कुंचला? डेअर. चामडं? डास. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. स्वयंपाकघरात जिथे तिथे दगा देणारी ती भाषा या टेबलावर आल्याबरोबर मराठीसारखी वागायला लागली होती. मावशीने हात पुसले आणि अगदी हळू, जणू उडून जाईल अशा बेताने, पुस्तक हा शब्द शोधला. शब्दकोशातली बाई गोड आवाजात म्हणाली, डास बूख.

ते पुस्तक. डास पुस्तक. मावशी टेबलावर डोकं टेकून हसली ती तेव्हा. खळीचं भांडं टकळीने धरलं.

अर्थात सगळंच जुळलं नाही. पट्टी, पुठ्ठा आणि कागद फितूर निघाले. पण ते आता तीनच होते. तीन फितूर लक्षात ठेवता येतात. त्या आठवड्यापासून खारीच्या पिशवीत अक्रोडं उरायला लागली. टकळीने चोरून पाहिलं, तर मावशी तिच्या चार धडे पुढे गेली होती. टकळीने हे दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना सांगितलं, अगदी स्वतःचा नंबर आल्यासारखं.

मुलाखतीच्या दिवशी मावशीचं बोलणं पाठ होतं. माझं वय इतकं, मी अमुक काम करते, मला पुस्तकं आवडतात. कारखान्यातच, तिच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. टकळी पांढरी पाटी आणि जाड पेन घेऊन तयारच होती, कॅमेऱ्यामागे उभी राहून शब्द पुरवायला. मावशीने तिला दाराकडे बोट दाखवलं.

"आणि अडलीस तर?"

"अडेन. पाच महिने रोज अडतेय, आता सवय झालीय."

टकळी दाराशी फर्म्यांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसली. तिथून पडद्याचा एक कोपरा दिसायचा. त्यात एक पांढऱ्या मिशीचा माणूस आला, ॲप्रनवर खळीचे डाग. त्याने नमस्कारासारखी मान हलवली. वय विचारलं नाही, आवडनिवड विचारली नाही. चष्मा वर केला आणि विचारलं की तुमच्या टेबलावर काय काय आहे?

पाठ केलेलं सगळं पाण्यात. मावशीने एकदा टेबलाकडे पाहिलं. मग तिने सुई उचलली.

डी नाडेल. डेअर फाडेन. डी शेरे. एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरत, प्रबंधाला शिवण घालावी तशी एका लयीत मावशी बोलत गेली. हातोडा, आरी, कुंचला, चामडं. मिशीवाला मान डोलवत होता. मग मावशीच्या हाताला कागद लागला आणि ती म्हणाली, "डेअर पापीअर."

"डास पापीअर," तो म्हणाला.

फितूर. नेमका फितूर. टकळीने डोळे मिटले. आता मावशी गप्प होणार, चाळीस मुलांच्या वर्गात व्हायची तशी. पण मावशीने शांतपणे डास पापीअर असं म्हणून घेतलं, खारीसमोर म्हणायची तसंच, आणि वर एक शब्द विचारला. का?

तो माणूस विचारात पडला. मिशीवरून हात फिरवला, छताकडे पाहिलं आणि म्हणाला की त्याला काही कल्पना नाही, साठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मग मावशीने तुटक्या तुटक्या जर्मनमध्ये सांगितलं की आमच्याकडे कागद पुरुष आहे. दोरा पुरुष, तुमच्यासारखाच. सुई बाई, तुमच्यासारखीच. त्याने विचारलं, आणि पुस्तक? मावशी म्हणाली की पुस्तक ना पुरुष ना बाई. तुमच्याकडेही, आमच्याकडेही.

तो हसला. आपल्या टेबलावरून त्याने एक चिंध्या झालेलं पुस्तक उचललं, कॅमेऱ्याजवळ आणलं आणि विचारलं की याचं आधी काय कराल. मावशी पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिला जमेल तेवढंच म्हणाली. आधी काहीच नाही. आधी बघायचं.

मिशीवाल्याने पुस्तक खाली ठेवलं आणि काहीतरी लिहून घेतलं. वीस मिनिटांची तीस झाली होती. शेवटी त्याने भलतंच काहीतरी विचारलं. टकळीला शब्द कळले, प्रश्न कळला नाही. तुमच्याकडे जाड कोट आहे का?

मावशीलाही शब्द कळले होते. तिने प्रामाणिकपणे सांगितलं की नाही, आमच्याकडे लागत नाही.

"इथे लागेल," तो म्हणाला. "ऑक्टोबरच्या आधी घ्या."

मावशी मान हलवत राहिली, हो, हो, म्हणत. पडदा काळा झाला. टकळी पाटी टाकून धावत आली. मावशी अजून त्या काळ्या पडद्याकडे बघत बसली होती, आणि तिचे ओठ हलत होते. ती त्याचं वाक्य एकेक शब्द सुटा करून पुन्हा लावत होती, फर्मे लावावेत तसं. मधेच थांबली. मग तिने टकळीचा हात घट्ट धरला.

"कोट," ती म्हणाली. "टकळे, त्याने मला कोट घ्यायला सांगितलाय."